शमालच्या टोकावरचं गाव

नजमात राहून समुद्र विसरायला होतं. कॉर्निश गाडीनं दहा-पंधरा मिनिटांवर असली तरी आमच्या खिडकीतून दिसतात ती समोरच्या इमारतीची एसीची खोकी, खाली चहाच्या दुकानापुढे हॉर्न वाजवणाऱ्या गाड्या आणि पार्किंग शोधत तिसरी फेरी मारणारा शेजारी. (भारतातल्या नातेवाइकांसाठी खुलासा : इथला सुप्रसिद्ध ‘करक’ चहा म्हणजे आपला ‘कडक’च. फक्त त्याला अरबी उच्चार आणि कागदी कप मिळालाय.)

दर उन्हाळ्यात आपल्या मंडळातलं कुणी ना कुणी स्पेनला किंवा ग्रीसला जाऊन येतं. मग ग्रुपवर फोटो येतात. पांढरी घरं, निळ्या होड्या, रिकामा किनारा. ‘किती शांत कोळीगाव!’ असे निःश्वास टाकत आपण ते पुढे पाठवतो. असं गाव आपल्या दारापासून दीड तासावर आहे आणि त्यासाठी शेंगेन व्हिसा लागत नाही, एवढं सांगण्यासाठी हा लेख.

निमित्त झालं सासूबाईंचं. गेल्या जानेवारीत आई दोन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या. सूक वाकिफ झालं, इस्लामिक म्युझियम झालं, दोन मॉल झाले. मॉलमधल्या कालव्यातली नाव पाहून त्या एवढंच म्हणाल्या, “बरी आहे.” दहाव्या दिवशी लुलूतून आणलेलं हामूर साफ करताना त्यांनी विचारलं, “अगं, हे हेकरू कुठल्या बंदरावर लागतं? ते दाखवा मला.”

आई आंजर्ल्याच्या. दापोली तालुक्यात, हर्णैच्या उत्तरेला, जोग नदीच्या खाडीपलीकडचं हे गाव. कड्यावरच्या गणपतीमुळे बऱ्याच जणांनी ते पाहिलेलं असेल. देवळाच्या चढावरून खाली बघितलं की माडांचा पट्टा, त्यापुढे लांबच लांब किनारा आणि दक्षिणेला सुवर्णदुर्ग. त्या माडांच्या पट्ट्यात आमची वाडी आहे. खरं सांगायचं तर होती. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात पोफळी आडव्या झाल्या, माडांची शेंडी उडाली आणि घराचं अर्धं छप्पर शेजारच्या आगरात जाऊन पडलं. मामंजी त्याआधीच गेले होते. आई तेव्हापासून डोंबिवलीला धाकट्या दिरांकडे असतात. घराची किल्ली शेजारच्या वहिनींकडे. आणि गेली दोन वर्षं पुण्याची एक पार्टी ती जागा मागते आहे. समुद्राला लागून आहे म्हणून भावही चांगला देते. दीर म्हणतात देऊन टाकू. नवरा म्हणतो थांबू. आई काहीच म्हणत नव्हत्या. इथे येताना मात्र त्या कागदांची पिशवी घेऊन आल्या होत्या.

तर शुक्रवारी पहाटे सहाला आम्ही निघालो. आई, आम्ही दोघं, आठवीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा. डिकीत पाण्याचा खोका, तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची भाजी. नजमातून बाहेर पडून शमाल रोड धरला की मग नकाशा लागत नाही. शमाल म्हणजे उत्तर, आणि उत्तरेकडून येणारा धुळीचा वाराही शमालच. शंभर-सव्वाशे किलोमीटर सरळसोट रस्ता. खोरचा फाटा मागे पडला की इमारती संपतात, वाळवंटही आपलं वाळवंटपण विसरून नुसतं सपाट माळरान होतं. मुलं झोपली. आई मात्र टक्क जाग्या. “एवढी जमीन आणि एक झाड नाही,” हे त्यांनी चार वेळा सांगितलं.

देश संपतो तिथे अल रुवैस आहे. ‘रास’ म्हणजे डोकं, भूशिर. रुवैस म्हणजे छोटंसं भूशिर. शेजारीच मदिनत अश शमाल हे सत्तरच्या दशकात वसवलेलं नवं शहर आहे, सरकारी घरं, शाळा, दवाखाना असलेलं. रुवैस त्याच्या कुशीतलं जुनं गाव : बसकी घरं, कतारमधल्या सगळ्यात जुन्या मशिदींपैकी एक मशीद आणि बंदर.

बंदरावर पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं. लाकडी ढाऊ एकमेकींना खेटून उभ्या. धक्क्यावर माणसाच्या छातीएवढे तारेचे घुमट रचून ठेवलेले. मुलाला वाटलं कोंबड्यांचे खुराडे. ते ‘गरगूर’, मासे पकडायचे पिंजरे. आत आमिष ठेवून तळाशी सोडतात, वर तरंगती खूण बांधतात. मासा तोंडातून आत शिरतो, पण त्या निमुळत्या तोंडातून त्याला बाहेर येता येत नाही. पूर्वी हे खजुराच्या झावळ्यांचे विणत, आता तारेचे. हामूर असाच धरतात.

या ढाऊंकडे बघताना ‘परदेश’ हा शब्द थोडा सैल पडतो. या किनाऱ्यावरच्या जुन्या नौकांचं सागवान मलबारातून यायचं. इथले मोती मुंबईच्या बाजारात जायचे. १९६६पर्यंत कतारमध्ये रुपया चालायचा. १९५९पासून तर रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या रुपयाच्या नोटा छापत असे. एका जातीच्या ढाऊला इथे ‘जलबूत’ म्हणतात. आईंनी तो शब्द दोनदा म्हणून बघितला आणि म्हणाल्या, “गलबतच की!”

पण त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं. धक्क्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्या चालत गेल्या आणि परत आल्या. मग मला हळूच विचारलं, “बायका कुठे आहेत गं?”

हर्णैचा लिलाव ज्यांनी पाहिलाय त्यांना हा प्रश्न कळेल. तिथे मचवे खोल पाण्यात उभे राहायचे आणि मासळी आणायला बैलगाड्या पाण्यात उतरायच्या. वाळूवर मासळीचे ढीग पडले की त्यांभोवती बायकांचाच गराडा. पाट्या त्यांच्या, भाव त्यांचा, भांडणही त्यांचंच. रुवैसच्या बंदरात आई आणि आम्ही दोघी सोडून एकही बाई नव्हती. शांतता होती ती त्याची.

एका ढाऊवर जाळं तुणत बसलेला मनुष्य आमच्याकडे बघून हसला. कन्याकुमारी जिल्ह्यातल्या एका कोळीगावचा. वीस वर्षं आखातात, त्यातली बारा रुवैसला. त्याचं हिंदी आणि आईंचं हिंदी साधारण एकाच तोलाचं, त्यामुळे छान जमलं. ढाऊवरच राहायचं, चार-पाच दिवसांची फेरी मारायची, आलं की मासळी दोह्याला पाठवायची. इकडे सुरमईला ‘कनद’ म्हणतात. १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर तिच्यासाठी जाळं टाकायला बंदी असते. आपल्याकडे जून-जुलैत यांत्रिक नौका बंद असतात, तसंच हे. आईंनी त्याला विचारलं, मुलगा दर्यावर जातो का? तो म्हणाला, नाही, इंजिनीअरिंगला आहे. हे सांगताना त्याचा चेहरा फुलला. मग आईंनी विचारलं, मग तुमची होडी? तो म्हणाला, विकली. हा दोन शब्दांचा व्यवहार त्याने जाळ्यावरची नजर न काढता सांगितला. निघताना त्याने दोन साफी मासे पिशवीत घालून दिले, पैसे घेतले नाहीत. आईंनी पुऱ्यांचा अर्धा डबा त्याच्याकडे रिकामा केला.

रुवैसहून किनाऱ्याकिनाऱ्याने पश्चिमेला गेलं की सोडून दिलेली गावं लागतात. अल खुवैर, अल अरीश, अल जुमैल. आम्ही जुमैलला थांबलो. डांबरी रस्ता सोडून थोडं कच्च्या वाटेनं जायचं. आधी मशिदीचा मिनार दिसतो, मग भिंती. शे-सव्वाशे पावलांत गाव संपतं. पलीकडे लगेच समुद्र, इतका उथळ आणि संथ की ओहोटीला कुठे पाणी संपलं आणि कुठे वाळू सुरू झाली ते कळत नाही. आमच्याखेरीज माणूस नाही. बगळ्यांसारखे पक्षी, वारा, आणि भिंतीत वाळू घासल्याचा आवाज.

घरं समुद्रातून काढलेल्या प्रवाळी दगडांची. दगडात शंख-शिंपले जसेच्या तसे दिसतात. वर चुन्या-मातीचा गिलावा. छपरं गेलेली, कुठे एखादा वासा उरलेला. प्रत्येक घराला अंगण, अंगणाला भिंत, भिंतीत कोनाडे. मुलं फोटो काढायला पांगली. आई एका दारापाशी गेल्या आणि आत पाऊल टाकण्याआधी त्यांनी चपला काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. आत वाळू आणि खडेच होते. त्या अनवाणीच फिरल्या. ही बसायची खोली असेल, इथे चूल असेल, धूर जायला ही जागा, हा कोनाडा दिव्याचा. मी नुसती मागे मागे चालत होते.

ओहोटी होती म्हणून आणखी एक गोष्ट दिसली. किनाऱ्यापासून थोडं आत दगडांचे बसके बांध, अर्धचंद्रासारखे. त्यांना ‘मस्कर’ म्हणतात. भरतीला मासे बांधावरून आत येतात, पाणी ओसरलं की अडकतात. ना होडी लागते, ना जाळं. बायका-मुलंही जाऊन मासे वेचू शकतात. आईंना हे फार आवडलं. खाडीच्या तोंडाशी ओहोटीच्या वेळी जाळं आडवं लावून मासे धरायची पद्धत त्यांच्या ओळखीची. “हुशार होती माणसं,” त्या म्हणाल्या. जणू काही परवापरवापर्यंत इथे होती.

ती गेली का, हे मुलीनं विचारलं. नवऱ्यानं सांगितलं ते असं. या गावांचं पोट मासे आणि मोत्यांवर. उन्हाळ्याचे चार महिने पुरुष मोत्यांसाठी समुद्रावर जात, मागे गावात बायका, मुलं, म्हातारी माणसं. मग जपानचे कल्चर मोती आले, १९२९ नंतरची जागतिक मंदी आली, मोत्यांचा धंदा बसला. पुढे दुखानला तेल लागलं, १९४९मध्ये ते बोटीनं बाहेर जायला लागलं. पगाराची नोकरी, नळाचं गोडं पाणी, शाळा, दवाखाना, हे सगळं दुसरीकडे होतं. एकेक घर तिकडे गेलं. कुणी हाकललं नाही.

आई भिंतीच्या सावलीत दगडावर बसून हे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “आमचंही तेच. आधी पुरुष मुंबईला. गावात आम्ही आणि मनीऑर्डर. गणपतीला आणि शिमग्याला गाव भरायचं. मग मुलं शिकायला गेली. मग सुना तिकडेच राहिल्या.” हे ऐकून मी जरा चपापले, पण त्यांनी ते दोष देण्यासाठी म्हटलं नव्हतं. हिशेब मांडावा तसं म्हटलं होतं. मग भिंतीवर हात ठेवून म्हणाल्या, “इथे पाऊस नाही, म्हणून एवढ्या तरी उभ्या आहेत. आपल्याकडे कौलं गेली की भिंत चार पावसाळे काढत नाही.”

मला वाटतं, सगळ्या सहलीत ऐकलेलं सगळ्यात खरं वाक्य हे होतं. आपण ज्याला ‘अस्पर्श किनारा’ म्हणतो, तो बऱ्याचदा माणसं निघून गेलेला किनारा असतो. जुमैल निदान जुमैल म्हणून उरलं. कोकणातलं सोडलेलं घर असं उरत नाही. एक तर त्यात रान शिरतं, नाहीतर त्या जागी कुंपण आणि पोहण्याचा तलाव येतो. नवऱ्यानं तिथेच विचारलं, “आई, मग त्या पार्टीला काय कळवू?” त्या म्हणाल्या, “आत्ता भूक लागली आहे.”

जेवायला पूर्व किनाऱ्यावरच्या फुवैरितला आलो. हा माझ्या मते कतारचा सगळ्यात देखणा किनारा. पांढरट, शंखांचा चुरा मिसळलेली वाळू, स्वच्छ हिरवं पाणी, मागे बुटक्या खडकांची रांग. एका अंगाला आता पतंगाच्या जोरावर लाटांवरून धावणाऱ्यांसाठी रिसॉर्ट झालं आहे, बाकी किनारा मोकळा. जुनं गाव इथेही होतं. कतारच्या राजघराण्यातले पहिले शासक मोहम्मद बिन थानी यांचा जन्म फुवैरितचा, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ते इथून दोह्याला आले. म्हणजे किनाऱ्यावरचं गाव सोडून दोह्यात येणारे आपण काही पहिले नाही.

फुवैरितला माणसांपेक्षा जास्त निष्ठेनं परत येतात त्या हॉक्सबिल कासवांच्या माद्या. एप्रिलपासून जुलैअखेरपर्यंत किनारा लोकांसाठी बंद असतो. रात्री माद्या वर येतात, वाळूत खड्डा करून अंडी घालतात, खड्डा बुजवतात आणि जातात. घरट्यांवर पहारा असतो. जानेवारीत अर्थातच आम्हाला कासव दिसलं नाही, नुसता माहितीचा फलक दिसला. पण फलकावरचं चित्र बघून आई एकदम बोलत्या झाल्या, कारण हे त्यांच्या अंगणातलं.

आंजर्ल्याच्या वाळूतही कासवं येतात, ऑलिव्ह रिडले जातीची. पूर्वी अंडी सर्रास काढली जात. २००२मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं, भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, उत्तरेला मंडणगड तालुक्यातल्या वेळासला घरटी राखायला सुरुवात केली. अंडी कुंपणातल्या वाळूत नेऊन ठेवायची, पन्नासएक दिवसांनी पिल्लं बाहेर आली की समुद्राकडे तोंड करून सोडायची. २००६पासून तिथे कासव महोत्सव भरायला लागला. खरी गंमत पुढे आहे. बघायला येणाऱ्यांसाठी हॉटेलं उभी राहिली नाहीत. लोक गावकऱ्यांच्याच घरात राहिले, ओटीवर झोपले, त्यांच्याच हातची उकड आणि सोलकढी खाल्ली, आणि पैसे त्या घरात राहिले. कासवं वाचवणाऱ्यांना त्या गावात राहण्याचं एक कारण मिळालं. आंजर्ल्यालाही आता मार्चच्या सुमारास पिल्लं बघायला माणसं येतात.

“शेजारची वहिनी दोन खोल्या देते त्यांना,” आई म्हणाल्या. “गेल्या वर्षी खोल्या पुरल्या नाहीत.” आणि मग पुरीचा घास हातात ठेवून, “आपलं माजघर आणि पडवी एवढं जरी शाकारलं तरी...” असं म्हणून थांबल्या. पुढचं वाक्य नवऱ्यानं आणि मी एकमेकांकडे बघून पूर्ण करून घेतलं.

परतीच्या वाटेवर फुवैरितजवळच जसासिया लागतं. बसक्या चुनखडीच्या खडकांवर सुमारे ९०० कोरीव आकृत्या आहेत. वरून पाहिल्यासारख्या वल्ह्यांच्या होड्या, आणि ओळीनं कोरलेले वाटीएवढे खळगे. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची कातळशिल्पं ज्यांनी पाहिलीत त्यांनी हे जरूर बघावं. दोन्हीकडे कोरणाऱ्यांची नावं कुणालाच माहीत नाहीत. मुलानं खळग्यांच्या दोन ओळी मोजल्या, आणि आईंनी ते चिंचोक्यांनी खेळायच्या खेळाचे खळगे आहेत असा निकाल देऊन टाकला.

संध्याकाळी नजमात परत आलो तेव्हा पार्किंग मिळायला पंचवीस मिनिटं लागली. साफी तळले. त्यात काटे फार, पण चव आहे. त्याच आठवड्यात आईंनी डोंबिवलीला फोन लावला आणि धाकट्या दिरांना सांगितलं की जागा सध्या द्यायची नाही. दीर नाराज झाले, आणि त्यांचंही चुकीचं नाही. घराचा कर, वाडीची राखण, पावसाळ्याआधीच्या फेऱ्या, हे सगळं इतकी वर्षं त्यांनीच केलंय. आम्ही दोह्यातून नुसते ‘थांबू’ म्हणत होतो. शेवटी असं ठरलं की छपराचा आणि न्हाणीघराचा खर्च आमचा, येणाऱ्यांची व्यवस्था वहिनींची, उत्पन्न निम्मं-निम्मं, आणि दोन हंगाम बघायचं. जमलं नाही तर पुण्याच्या पार्टीचा नंबर दिरांकडे आहेच. मे महिन्यात छपरावर पत्रे चढले. कौलं परवडली नाहीत, त्याचं आईंना अजून वाईट वाटतं.

आता तुमच्यासाठी थोडी व्यवहाराची माहिती. जायचं तर नोव्हेंबर ते मार्च. शुक्रवारी जात असाल तर जुम्याच्या नमाजाच्या वेळी दुकानं बंद असतात, तेव्हा पाणी आणि जेवण सोबतच ठेवा. खोरच्या पुढे पेट्रोलची टाकी भरलेली असलेली बरी. जुमैलला ओहोटीच्या वेळी पोचाल तर मस्कर दिसतील. भिंतींवर चढू नका, त्या आता कुणाच्याच आधारानं उभ्या नाहीत. फुवैरितच्या वाळूत गाडी घालू नका, आणि एप्रिल ते जुलै तिकडे फिरकू नका. वेळ उरला तर खोरजवळच्या अल थकिराला कांदळवन आहे. तिथली झाडं म्हणजे आपल्या खाडीतली तिवरं. घरातल्या मोठ्यांना दाखवा, लगेच ओळखतील.

आणि मार्चमध्ये भारतात जाणं होत असेल तर आंजर्ल्याला या. खोल्या साध्या आहेत, एसी नाही, छप्पर पत्र्याचं आहे. पहाटे साडेसहाला किनाऱ्यावर पिल्लं सोडतात. आई त्या महिन्यात तिथेच असणार आहेत.